पहिल्या ढेपेची उचल

पिंपळी,
भाद्रपद वद्य तृतीया, सन १९३७

चि. सर्जेरावास,

पिंपळीहून आक्काचा आशीर्वाद. म्हैस व्याली, रेडी झाली. खरवस तुझ्या नावानं आमीच खाल्ला. आता कामाचं बोलते, नीट बसून वाच.

परवा बारामतीच्या बाजाराला गेले होते. वांगी लवकर खपली म्हणून धर्मशाळेत डोकावले, तर पुण्याच्या एका संस्थेचा डाक्तर भाषण देत होता. अपघात झाला तर दवाखान्यात पोचेस्तोवर गावच्या माणसानं काय करावं, ह्यावर. बाया कुणीच न्हवत्या. मी दाराशी बसले ती भाषण संपूस्तोवर उठले न्हाय. त्यानं एका हमालाच्या दंडाला फडकं बांधलं, त्यात दांडकं घातलं आन् पिळलं. म्हणला, हात चेंगरला, रगत थांबंना झालं, तर असं आवळायचं.

सर्जा, गेल्या माघात तुझ्या दाजींचा हात आप्पासाहेबांच्या गुऱ्हाळात चरकात गेला, तवा तू इंदापुरात होतास. तू आलास ते मातीला. काय झालं ते मी सांगते. ऊस सारताना बाही अडकली. चार माणसांनी कमरंला धरून मागं वढलं, आन् त्या आरडाओरड्यानं बैल बिचकून आणखी पुढं चालले. हात निघाला तवा कुणी हळद भरली, कुणी गूळ-चुना लावला, कुणी कोळ्याचं जाळं हुडकत फिरत होतं. महारवाड्यातला भिमा डाक्तर आणाया बारामतीकडं पळत सुटला. आमी गाडी जुंपून मागनं निघालो. कालव्याच्या पुलापाशी त्यांनी पाणी मागितलं. मी कळशी कलती केली, तवर संपलं होतं.

मी त्या डाक्तराला समद्यांदेखत विचारलं, असं फडकं बांधलं असतं तर माझं माणूस जगलं असतं का? त्यानं हमालाच्या दंडाचं फडकं सोडलं. मग म्हणला, बाई, आशा नक्की होती.

तर दसऱ्यानंतर त्यो बारामतीत वर्ग घ्यायला तयार हाय. त्याचा पगार संस्था देती. गावानं त्याची राहण्याखाण्याची सोय, पट्ट्यांचं कापड, औषधांची पेटी आन् परीक्षेची फी एवढं बघायचं. रुपये शंभराच्या घरात जातील. शिकायला मी हाय, शेजारची सरुबाई हाय, चरकाचे बैल हाकणारा बिरू धनगर हाय आन् भिमा हाय. आणखी येतील. तू आप्पासाहेबांच्या इंदापूरच्या अडतीवर दिवाणजी हायस, चार मोठी माणसं तुझ्या ओळखीची. कुणाकडनं तरी पैका उभा कर. दिवाळी सरली की चरक सुरू हुतील, त्याच्या आत हे व्हायला पायजे. औंदा त्या पुलापाशी मी कुणाला मरू देणार न्हाय.

तुझी आक्का
प्रयागबाई


इंदापूर,
ता. २९ सप्टेंबर १९३७

ती. आक्काच्या पायांवर डोकं ठेवून सर्जेरावचा नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. दाजींचं वाचून दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. तू हे सगळं मला आधी कधी सांगितलं नव्हतंस.

आता आनंदाची बातमी. काम फत्ते! आप्पासाहेब परवा स्वतः अडतीवर आले होते. मी भीत भीतच विषय काढला. मग पान थुंकून म्हणाले, "सगळा खर्च माझा. कुणापुढं हात पसरायचं कारण नाही." बोल आता! तुझा भाऊ अगदीच कुचकामी नाही.

दोन-चार बारीकसारीक गोष्टी त्यांनी सांगितल्या, त्या मी मान्य करून टाकल्या. तुला त्यात डोकं घालायची गरज नाही. तू फक्त एक नारळ घेऊन त्यांच्याकडं जा आणि आभार मान. जास्त बोलू नकोस. आणि आता बाजारात, धर्मशाळेत अशी हिंडू नकोस. वर्षश्राद्धसुद्धा झालेलं नाही अजून, लोक नावं ठेवतात. तुला सांगून काय उपयोग म्हणा!

तुझा
सर्जेराव


पिंपळी,
आश्विन शुद्ध तृतीया

सर्जेराव,

आशीर्वाद देत न्हाय. रागात दिलेला लागत न्हाय.

नारळ घेऊन गेले आन् नारळ घेऊनच परत आले. आप्पासाहेब सोप्यात बसलं होतं. मी उंबऱ्याशी हुबी. म्हणलं, लई उपकार झाले. तर म्हणतात, "उपकार कसलं? फक्त ठरल्याप्रमाणं व्हायला पायजे. शिकायला बाप्येच जातील, तेबी माझ्या गुऱ्हाळातले. बायांनी परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा न्हाय. रांडव बाईनं तर त्या वाटंला जायचंच न्हाय. भिमाचं नाव काढून टाक. आन् औषधाची पेटी माझ्या घरी कुलपात राहील."

मी इचारलं, "कुणाचा हात चरकात गेला तर किल्ली कुणाकडं मागायची?"

"कारभाऱ्याकडं."

"आन् कारभारी इंदापूरला गेला असला तर?"

त्यांना हसू आलं रे सर्जा. हसून म्हणतात, "तुझ्या भावाला इचार. त्यानं तुझ्या वतीनं शब्द दिलाय."

माझ्या वतीनं! मी मेले होते का? चौथीपतोर शाळा शिकलेली मी, माझ्या तोंडात जीभ हाय, आन् माझा शब्द तू इंदापुरात बसून देऊन टाकलास! बारीकसारीक गोष्टी म्हणं. मी गेले, सरुबाई गेली, भिमा गेला. उरलं काय, कुलूप? माझ्या माणसासाठी ज्यानं बारामतीपतोर ऊर फुटूस्तोवर धाव घेतली, त्या भिमानं पळायचं तेवढं आन् हात लावायचा न्हाय व्हय?

मी तितंच सांगून आले, तुमचा पैका तुमच्या पेटीत ठेवा, त्यालाच कुलूप लावा.

आता पुढचं आईक. बसला असशील तर घट्ट धरून बस. ज्याचा ऊस गाळायला येतो त्याची पहिली ढेप भैरोबाची, ही आपली रीत. त्या ढेपा चैतात लिलावाला निघतात आन् त्यातनं जत्रेचा तमाशा हुतो. औंदा तमाशा झाला न्हाय तर भैरोबा काय गाव सोडून जाणार न्हाय. मी घरोघर गेले. म्हणलं, औंदाची पहिली ढेप वर्गाला द्या. धोंडाबाई पयली हो म्हणली, तिच्या मागनं बाकीच्या. बायांनी आधी कबूल केलं आन् मग नवऱ्यांना सांगितलं.

पण ढेप निघणार मार्गशीर्षात आन् पैका पायजे आत्ता. म्हणून बारामतीला मोहनराव अडत्याकडं गेले. शेतकरी हुब्या उसावर उचल घेतात, तशी मी देवाच्या ढेपांवर उचल मागितली. त्यो हसून हसून गादीवरनं घसराया आला. म्हणला, देवाच्या नावावर उचल आजवर कुणी मागितली न्हाय. पण दिली! त्याला पाप-पुण्याची काय पडली न्हाय, त्याला तुझ्या आप्पासाहेबाचं नाक खाली करायचंय, हे मला कळतंय. करूंदे. कापड त्याच पैक्यात येतंय.

प्रयागबाई


इंदापूर,
ता. ११ ऑक्टोबर १९३७

ती. आक्कास सर्जेरावचा नमस्कार.

आक्का, हे काय करून बसलीस! देवाच्या ढेपेवर उचल? आणि तीही मोहनरावाकडून! आप्पासाहेबांनी काल अडतीवर सगळ्या हमालांसमोर माझी लाज काढली. "बहिणीला आवर, नाहीतर गादीवरून ऊठ," म्हणाले. माझ्या घरात खाणारी पाच तोंडं आहेत, हे तुला सांगायला नको.

तू रागावलीस ते कबूल. पण जरा डोकं शांत ठेवून माझं ऐक. त्यांच्या अटी वाईट होत्या, मी कुठं नाही म्हणतो? पण पाच-सहा बाप्ये तरी शिकले असते. औषधाची पेटी गावात आली असती. कुलूप आज असतं, उद्या निघालं असतं. काहीच नसण्यापेक्षा ते काय वाईट होतं? तुला सगळं हवं आणि आत्ताच हवं. अशानं हातचंही जातं. तुला विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, एवढंच.

एवढं कर. मोहनरावाचे पैसे परत दे. मी आप्पासाहेबांचे पाय धरतो.

सर्जेराव


पिंपळी,
कार्तिक शुद्ध सप्तमी

चि. सर्जेरावास आशीर्वाद.

भाऊबीजेला तू आला न्हाईस. ओवाळणीचं ताट मी झाकून ठेवलं होतं. अनारसं सरुबाईच्या नातवंडांनी खाल्लं.

तुझं म्हणणं मी लई दिवस मनात घोळवलं. काहीच नसण्यापेक्षा थोडं बरं, असं तू म्हणतोस. पण सर्जा, त्या दिवशी चरकापाशी माणसं काय थोडी होती? सगळे बाप्ये, सगळे आप्पासाहेबांच्या गुऱ्हाळातले. मी बाहेर चिपाडाच्या ढिगापाशी न्याहारी घेऊन हुबी होते. जवळ कोण असंल हे आधी सांगता येत न्हाय, म्हणून समद्यांना आलं पायजे. मी कुणाचे पैसे परत देत न्हाय आन् तू कुणाचे पाय धरू नको.

वर्ग झाला! आमी रोज उजाडता निघून बारामती गाठायचो. पयल्या दिवशी डाक्तर म्हणला, बायांसाठी मधी पडदा बांधू. मी म्हणलं, त्या कापडाच्या पट्ट्या हुतील, पडद्यात कशापायी घालवता? त्यो हसला आन् पडदा बारगळला. भिमाला कुठं बसवायचं म्हणून बाकीची घुटमळली, तर सरुबाई तिच्या ठसक्यात म्हणली, "त्याच्या दंडावर मी पट्टी बांधणार हाय, लांब बसला तर माझा हात पुरंल का?" दोन दिवस दोघंजण आलीच न्हायती. तिसऱ्या दिवशी मुकाट्यानं आली.

पुस्तकात मोटारीचा अपघात हुता, आगगाडीचा हुता, चरकाचा न्हवता. डाक्तरानं बिरूला इचारलं, मग तुमच्याकडं आधी काय करायचं? दोघांनी मिळून ठरवलं ते असं. आधी बैलांच्या जुपण्या, म्हंजी जुवाला बांधलेल्या दोऱ्या, कापायच्या, माणसाला वढायचं न्हाय. मग चरकाचं लाकूड हातानं उलटं फिरवायचं. मग फडकं. ह्येची तालीम आमी धर्मशाळेच्या अंगणात केली. बिरू बैल झाला हुता, आन् बैलासारखा अडून बसला. डाक्तराला हसताना ठसका लागला.

समदी पास झालो. माझ्या नावाचा दाखला हाय माझ्याकडं. पेटी रस्त्याकडंच्या निंबाला टांगलीया, बिनकुलपाची. देवळात ठेवली असती तर भिमाला हात लावता आला नसता.

लोक काय म्हणतील ह्याची काळजी करू नको. ते म्हणत्यातच हायती.

तुझी आक्का


इंदापूर,
ता. १६ नोव्हेंबर १९३७

ती. आक्कास नमस्कार.

पास झालीस, बरं वाटलं. भाऊबीजेला आलो नाही, येववलं नाही.

थोडक्यात लिहितो. आप्पासाहेबांच्या गुऱ्हाळात रस आटवायची पहिली काहील पुढच्या पंधरवड्यात चुलाणावर चढेल. पहिल्या काहिलीला विधवेचं पाऊल आत पडायचं नाही, ही रीत त्यांनी काढलेली नाही, वाडवडिलांची आहे. त्यांनी मला मुद्दाम बोलावून सांगितलं आहे. त्या दिवशी तू घरात बस. तुझ्या दाखल्याचं काय करायचं ते नंतर कर. एवढा एक दिवस, आक्का. माझी नोकरी त्याच दिवसावर आहे.

सर्जेराव


पिंपळी,
मार्गशीर्ष शुद्ध चतुर्थी

चि. सर्जेरावास आशीर्वाद.

मी घरात बसले होते, भैरोबाची आण. तुझ्यासाठी बसले होते. लसूण सोलत हुते. तेवढ्यात गुऱ्हाळाकडनं ती हाळी आली. ती मी एकदा ऐकलीया, ती दुसऱ्या कशाची असत न्हाय.

मी पळाले. निंबाखाली पोचले तर पेटी खुंटीला न्हवती, भिमानं माझ्याआधी उचलली होती. तोच चरक, सर्जा. ऊस सारणारा कुंडलिक, त्याची बोटं आत. पण ह्या वेळी बैल हुबे! बिरूनं हाळी द्यायच्या आधीच जुपण्या कापल्या होत्या. बैल बाजूला चिपाडं खात हुते. चार जण कुंडलिकच्या कमरंला धराया धावले, तर बिरू चाबूक उगारून म्हणाला, "हात लावाल तर सोडणार न्हाय!" मग लाकूड उलटं फिरवलं आन् हात मोकळा झाला.

मी उंबऱ्यापाशी पोचले तवा कारभारी दोन्ही हात पसरून दारात हुबा. "पहिली काहील हाय, बाई! आत यायचं न्हाय!" त्याच्या खांद्यावरनं मला कुंडलिकचं तोंड दिसत होतं, पांढरंफट्ट. भिमालाबी त्यानं पेटीसकट दाराशीच अडवलं होतं. मी कारभाऱ्याला ढकललं. खोटं कशाला बोलू, चांगला जोरात ढकलला. त्यो चिपाडात जाऊन बसला.

फडकं बांधलं, दांडकं घातलं, पिळलं. हात उंच धरला. भिमानं पट्टी गुंडाळली. गाडीत कुंडलिकचं डोकं सरुबाईच्या मांडीवर. कालव्याचा पूल आला तवा त्यो म्हणला, "वहिनी, पाणी." माझा जीव गेला, सर्जा. मी कळशी कलती केली आन् त्यो घटाघटा प्याला, आन् वर म्हणतो, "आणखी हाय का?" मी तितं गाडीत रडले. तुझे दाजी गेले तवाबी मी अशी रडले न्हवते.

दोन बोटं गेली, हात राहिला. डाक्तर म्हणला, चांगलं बांधलंय.

आता ह्येचं फळ आईक. विधवा आन् भिमा आत आले म्हणून पहिली काहील बाटली, असं आप्पासाहेबांचं म्हणणं. येत्या रविवारी पंच बसणार हायती. मी दंड भरायचा आन् सर्वांपुढं नाक घासायचं. तुला बोलावणं येईल. येशील तर आधी माझ्याकडं जेव आन् मग तिकडं जा.

तुझी आक्का


इंदापूर,
ता. ११ डिसेंबर १९३७

ती. आक्काच्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

बोलावणं आलं. आप्पासाहेब म्हणाले, "रविवारी पिंपळीला ये. बाईमाणूस चारचौघांत काय बोलणार? तिच्या वतीनं तू हात जोड, चूक झाली म्हण, दंड मी माफ करतो. सगळं जागच्या जागी मिटेल."

पूर्वी मी लगेच हो म्हटलं असतं. ह्या वेळी तुझं पत्र खिशात होतं. कुंडलिक पाणी प्याला ते मी किती वेळा वाचलं, सांगता येत नाही. मी खिशातल्या पत्रावर हात ठेवून उभा राहिलो. ते म्हणाले, "मुका झालास काय?" मी म्हणालो, "तिचं ती बोलेल."

बस, एवढंच बोललो. तुला वाटेल भाऊ मोठा शूर झाला. नाही झालो. रविवारी मी येत नाही. तुझ्या शेजारी उभं राहण्याची माझी छाती नाही आणि तुझ्या वतीनं हात जोडणं आता मला जमणार नाही. म्हणून घरी बसतो. आजवर मला तुझी लाज वाटत होती, आज माझीच वाटते. शिव्या दे, पण कळव काय झालं ते.

सर्जेराव


पिंपळी,
मार्गशीर्ष वद्य तृतीया

चि. सर्जेरावास पोटभर आशीर्वाद.

शिव्या कशाला देऊ? "तिचं ती बोलेल" हे तू त्यांच्या तोंडावर म्हणलास, मला तेवढं पुरं झालं. पण तू यायला पायजे हुतास. असली मज्जा परत बघायला मिळायची न्हाय.

पंच देवळाबाहेर पारावर बसले. सगळा गाव गोळा. भिमा आन् त्याच्या वाड्यातली माणसं खाली, लांब. मधी गोणपाटावर ती ढेप ठेवलेली, त्या दिवशीच्या काहिलीतली. आप्पासाहेब म्हणले, "ही ढेप बाटली. देवाला चालत न्हाय, माणसाला चालत न्हाय. बाईनं दुसरी भरून द्यावी, शांतीचा खर्च द्यावा, आन् परत गुऱ्हाळात पाऊल टाकणार न्हाय म्हणून नाक घासावं. हिचा भाऊ कुठाय?"

मी हुबी राहिले. म्हणलं, "भाऊ आला न्हाय. माझं मी बोलते. मी गुऱ्हाळात गेले. उद्या हाळी आली तर उद्या जाईन, पहिली काहील असू न्हाईतर शेवटची. त्याच चरकावर माझं माणूस गेलं, तवा काहील बाटली न्हाय, ती ढेप तुमी वाजतगाजत देवाला नेली. आता माणूस वाचलं तर बाटली! दंड मी देणार न्हाय. नाक माझं हाय, ते मला लागतंय."

मग मी म्हणलं, "ही ढेप देवाला चालत न्हाय, माणसाला चालत न्हाय, तर मला द्या." आन् उत्तराची वाट बघितलीच न्हाय. पारावरचा दगड उचलला आन् ढेप फोडली. एक खडा तोंडात टाकला. दुसरा घेऊन पार उतरले, लांब चालत गेले, आन् भिमाच्या हातावर ठेवला. वरनं टाकला न्हाय, सर्जा, हातात हात लावून ठेवला. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग समद्यांकडं बघितलं, आन् खाल्ला.

माघारी आले तर कुंडलिक पारापाशी हुबा, उजवा हात गळ्यात, डावा पुढं केलेला. ज्याच्या घरची रोजी खातो त्या मालकाच्या तोंडाम्होरं! त्याचं घेऊन झालं तर कुशाबाई गुरवीण काठी टेकत उठली. भैरोबाची पूजा तिच्याच घरात. म्हातारी म्हणली, "मला दात न्हायती, मऊ बघून दे."

मग जे हसू फुटलं! सरुबाई आली, बिरू आला, धोंडाबाईनं नवऱ्याला हाताला धरून आणला. ढेप बघता बघता निम्मी झाली. आप्पासाहेब उठून गेले. त्यांना कुणी वाईट बोललं न्हाय, थांबा बी म्हणलं न्हाय. कुणाची जीभ वळली न्हाय बघ.

दुसऱ्या दिवसापासनं माझ्या दारात ढेपा यायला लागल्यात. कबूल केलेल्या तर आल्याच, कबूल न केलेल्याबी आल्या. पलीकडच्या वाडीवरनंबी येत्यात. पडवीत पाय ठेवाया जागा न्हाय, मुंग्यांनी जीव नको केलाय. मोहनरावाची उचल फिटंल आन् फाल्गुनात दुसरा वर्ग बसंल, आपल्या पैक्यावर. औंदा भैरोबाला कोरडा नमस्कार. त्यो चालवून घेईल, कुशाबाईनं सांगितलंय.

ह्या पत्रासंगं भिमाच्या हातनं त्या ढेपेचा एक खडा पाठवते. बळजबरी न्हाय. खायचा तर खा, न्हायतर मुंग्यांना घाल. पण वर्गात एक जागा मी तुझ्यासाठी धरून ठेवलीया, हेबी तुला कळावं.

तुझी आक्का
प्रयागबाई


इंदापूर,
ता. २४ डिसेंबर १९३७

ती. आक्कास,

भिमा भर बाजाराच्या वेळी अडतीवर आला आणि पायरीखाली उभा राहिला. मी गादीवरून उठलो, खाली उतरलो, आणि त्याच्या हातातून पुडी घेतली. हमाल, गाडीवान, कारभारी, सगळे बघत होते. खडा तिथंच तोंडात टाकला. भिमाला म्हटलं, बस, पाणी पी. आधी तो बसेना, मग माझ्याशेजारी पायरीवर बसला.

कारभाऱ्यानं विचारलं, "दिवाणजी, काय खाताय?" चिपाडात बसला होता तोच हा! मी म्हणालो, "पिंपळीची बाटलेली ढेप. फार गोड आहे. देऊ?"

संध्याकाळी आप्पासाहेबांचा निरोप आला, उद्यापासून येऊ नकोस. किल्ल्या देऊन टाकल्या. घरी सांगितलं तेव्हा तुझी भावजय आधी रडली, मग म्हणाली, पिंपळीला गूळ तरी फुकट मिळेल. पुढं काय खायचं ते माहीत नाही. भीती वाटते आक्का, तुझ्यापासून काय लपवू? पण आज जेवलो ते पोटभर.

परवाच्या गाडीनं निघतो. वर्गाच्या यादीत माझं नाव तू घालू नकोस. मी येऊन माझ्या हातानं लिहीन.

तुझा
सर्जा